गुंडाळलेला झेंडा

मेलबर्नची शेवटची गाडी पाहायला सगळं वॉरॅम्बी गाव मोटारींतून स्टेशनावर लोटलं होतं. बँडवाले होते, घरचे केक होते. तीस वर्षं स्टेशन सांभाळणारी एनिड गुंडाळलेला लाल झेंडा घेऊन उभी होती. तो फडकवला तरच गाडी इथे थांबे, आणि प्रवासी असला तरच तो फडकवायचा. आज एकाने तरी तिकीट मागावं, एवढीच तिची आस होती. शिट्टी ऐकू आली. “दाखव की झेंडा, एनिड!” बेकरीवाला क्लॅरी ओरडला. “चढणार कोण? तू?” “मी कशाला? आम्ही निरोप द्यायला आलोय!” “अधूनमधून चढला असतात, तर निरोपाची पाळी आली नसती.” सगळे हसले. तिकीट कोणीच मागितलं नाही. गाडी न थांबता धडधडत निघून गेली. झेंडा गुंडाळलेलाच राहिला. केक संपले. परतताना रुळांपाशी मात्र प्रत्येक मोटार सवयीने क्षणभर थांबली.