मधली जागा

आमची छोटी लेक चिऊ गेली त्याला वर्ष होत आलं, तरी सोफ्यावर आम्ही दोघं दोन टोकांनाच बसतो. मधे तिची जागा, तिथे तिची छोटी उशी.

सासूबाईंचा फोन येऊन गेला. "आता दुसऱ्याचं मनावर घ्या, जखम आपोआप भरेल, असं म्हणत होती आई," नवऱ्यानं सांगितलं आणि विषय बदलायचा म्हणून विचारलं, "तू आज लॅबमध्ये काय केलंस?"

"जखमच केली. डिशमध्ये त्वचेच्या पेशींचा सलग थर वाढवला होता, त्यावर मधोमध एक ओरखडा काढला. आता ती फट किती भरते ते मोजायचं."

"भरते कशी?"

"दोन्ही काठांच्या पेशी सरकत येतात. एकमेकींचा हात न सोडता, सगळ्या मिळून. पण आधी एक औषध घालावं लागतं, नवीन पेशी जन्माला येऊ नयेत म्हणून."

"आल्या तर बरंच की. लवकर भरेल."

"भरेल ना. पण मग होत्या त्या किती सरकल्या, ते कधीच कळणार नाही."

मग त्यानं मधली उशी उचलून मांडीवर घेतली.

"दोन्ही काठांच्या म्हणालीस ना?"

"हो."

"मग सरक थोडी."