बिनधुराची वाडी

पुण्याच्या एका संस्थेची माणसं तीन जीपा घेऊन हिर्डोशीजवळच्या आमच्या वाडीत आली अन् मानपत्र दिलं. पृथ्वी तापू नये म्हणून आमी पायी चालतो म्हणे! अरं, हितं एसटीच येत न्हाई, त्यात कसलं डोंबलाचं कौतुक?

साहेब जेवायला बसले अन् माझ्या सुनेला कळा सुरू झाल्या. जीप मागितली तर म्हणाले, "जेवण उरकून निघतोच."

पोर काय साहेबांचं जेवण उरकायची वाट बघतंय? घोंगडीची झोळी बांबूला बांधून आमी चौघं तिला घेऊन निघालो.

अर्ध्या वाटेत मागनं जीप येऊन थांबली. मागची सीट मोकळीच होती. आमी झोळी उतरवायला लागलो.



साहेब कॅमेरा घेऊन उतरले, "खाली ठेवू नका, खांद्यावरच असू द्या! पेशंटसुद्धा धूर न करता नेता, वा!"