न मोजलेलं पाणी

विनीताने जुना नकाशा आणि यंदाच्या उन्हाळ्यातलं उपग्रहाचं चित्र एकावर एक ठेवलं. किनाऱ्याची रेघ बरोबर बसली. फक्त एका खाडीत जुन्या नकाशात हिमनदी होती आणि नव्या चित्रात नुसतं पाणी.

सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी त्या गारठ्यात उभं राहून मोजणी केली होती. मातीच्या चढाला तपकिरी रेघा, बर्फाच्या चढाला निळ्या. बर्फ किती उंच, ते त्याने नोंदवलं होतं. बर्फाखाली काय आहे, ते त्याला दिसणं शक्य नव्हतं. समुद्राच्या खोलीचे आकडेही बर्फाच्या कडेशी येऊन थांबले होते.

"नव्या चार्टवर एवढी जागा अजून पांढरीच?" निशिकांत खुर्चीमागे येऊन उभा राहिला. पुण्याच्या कॉलेजात तो तिच्या दोन वर्षं पुढे होता. जहाजांसाठी समुद्राचे चार्ट बनवणाऱ्या, सिंगापुरातल्या चांगीच्या या ऑफिसात तिला त्यानेच आणलं होतं. "संध्याकाळपर्यंत चार्ट द्यायचाय. पर्यटकांचं जहाज थेट आत न्यायचंय त्यांना."

"आतली खोली कुणी मोजलेली नाही, निशिकांतदादा."

"कडेला नव्वद मीटर आहे ना? तेच आत ओढ. पाण्यात काय डोंगर उगवणारेत?"

"हिमनदी पुढ्यात दगडमाती ढकलत आणते. बर्फ वितळला तरी ढीग राहतोच. पाण्याखाली."

"तू भूगोलाच्या बाईच व्हायला हवं होतंस." तो हसला. मग शेजारची खुर्ची ओढून बसला आणि आवाज खाली आणला. "पुढच्या आठवड्यात तुझ्या इथल्या नोकरीच्या पासचं रिन्युअल जायचंय. वरचे मलाच विचारणार, ही कामं वेळेत देते का. काय सांगू? तुझ्या मुलाची शाळा इथं आहे, विनीता."

विनीताने नव्वदचा आकडा त्या पांढऱ्या जागेत ठेवून पाहिला. शेजारच्या आकड्यांत तो सहज मिसळून गेला. कुणाला शंकाही आली नसती.

तिने तो पुसला. जागेभोवती तुटक रेघ मारली, आत 'मोजणी झालेली नाही' एवढं लिहिलं आणि चार्ट पाठवून दिला.

निशिकांत स्क्रीनकडे बघत राहिला. "आता त्यांचा कॅप्टन फोन करून डोकं खाईल. म्हणेल, ऐन खाडीत हे भोक कसलं ठेवलंय?"

"करू दे," विनीता म्हणाली. "फोन करायला तरी तो बाहेर थांबेल."