अडुळशाचं निमित्त

नीलांबरीने फाटकाची कडी काढली आणि आत अण्णांना खोकल्याची उबळ आली, दर रविवारी येते तशी.

"छाती भरलीय," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. तिने पिशवीतून अडुळशाच्या औषधाची नवी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"मागची संपली?"

"संपली. कडूजहर होती."

"मधातली असते अण्णा, गोड."

"मग बिघडली असेल," असं म्हणत त्यांनी तिच्यासाठी आधीच गाळून ठेवलेला चहा पुढे सरकवला.

तिने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून बापलेकीचं बोलणं तुटलं होतं. मग कधीतरी त्यांनी फोन करून हे औषध मागवलं. तेव्हापासून ते खोकायचे आणि ती औषध आणायची. "येत जा" असं ते कधी म्हणाले नाहीत. "आज राहू का?" असं तिनेही विचारलं नाही.

त्याच रविवारी रात्री अण्णा झोपेतच गेले.

तेराव्याला शेजारच्या कुमुदकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "खोकला? अगं, रोज टेकडी चढून यायचे ते! तुझ्या बाटल्या मलाच आणून द्यायचे. वर बजावायचे, लेकीला सांगू नका, यायची थांबेल."

सगळे जेवायला बसल्यावर ती त्यांच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली.

"अण्णा, तुम्हाला खोकला नाही, हे मला पहिल्याच रविवारी कळलं होतं," ती म्हणाली. "पण निमित्त मलाही हवं होतं."