सुनेला तोंड फुटलं

याम्बुनचा आवाज नेमका भांडणाच्या दिवशी बसला.

नदीच्या काठावर एकीकडे सागोवाल्या बायका, समोर तळ्याकडच्या मासेवाल्या. रीतच तशी होती. वर्षातून एकदा समोरासमोर बसायचं, आपापल्या बोलीत मनसोक्त भांडायचं आणि सागो-ताडाच्या गाभ्यातून काढलेल्या पिठाच्या एका गोळ्याला किती मासे, ते ठरवून उठायचं. त्या भागात चार गावं, चार बोली. या बोली म्हणजे चौघी सख्ख्या बहिणी, साऱ्या जगात त्यांना दुसरं कुणी नातेवाईक नाही. एकीतलं बोललेलं दुसरीला कळतं, आणि चांगलंच झोंबतं. मात्र जी गप्प बसली किंवा बाजारी भाषेवर, टोक पिसिनवर, घसरली, तिचं गाव हरलं. मग वर्षभर बोटाएवढे मासे खा.

वीस वर्षं सागोवाल्यांकडून याम्बुनच भांडत आली होती. आज तिच्या घशातून नुसती हवा येत होती. बरं, तिच्या जागी उभी राहील अशी गावात कुणी नव्हती, बरोबरीच्या बायकांना असं भांडणं जमायचं नाही आणि साऱ्या तरण्या पोरींच्या तोंडी टोक पिसिन. पिठाची टोपली घेऊन शेजारी बसली होती ती सून, लुसिला, वेवाक शहरात वाढलेली. लग्नाला चार वर्षं झाली, पण गावच्या बोलीतला एक शब्द तिने कधी उच्चारला नव्हता. याम्बुननेही तिला मुद्दाम काही शिकवलं नव्हतं. दिवसभर तिच्यावर खेकसायची, तेवढंच.

तळ्याकडची पुढारीण मारांग. तिने सुपारीची पिंक टाकली आणि एका गोळ्यासमोर एकच शिंगाळा ठेवला, तोही जेमतेम वीतभर.

"घ्या," ती म्हणाली. "आता तुमच्यात बोलणारं उरलंय कोण?"

याम्बुनने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. मासेवाल्या खो खो हसल्या. आपल्यामागे गावची बोली संपली, असं तिला वाटलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात लुसिला टोपली बाजूला सारून उभी राहिली, आणि बोलू लागली ती गावच्याच बोलीत.

"सूर्य डोक्यावर आला तरी तुझी चूल थंड. हात काय ते खायलाच चालतात. आईने तुला मगरीकडे वाढायला ठेवलं होतं का गं?"

एकदा जो पट्टा सुटला तो सुटलाच. मारांगच्या आजीपासून तिच्या कुत्र्यापर्यंत कुणाला सोडलं नाही. उच्चार जरा शहरी होते, धार मात्र अस्सल. ऐकता ऐकता याम्बुन चपापली. थंड चूल परवाची, तिनेच सुनेला सुनावलेली. खायचे हात लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातले. मगर तर तिची स्वतःची, दुसऱ्या कुणाच्या तोंडी नसलेली. चार वर्षांतलं काहीएक वाया गेलं नव्हतं!

शेवटी मारांग टोक पिसिनमध्ये म्हणाली, "पुरे." झालं! सागोवाल्यांनी एकच गिल्ला केला. गोळ्याला तीन शिंगाळे ठरले, हातहातभर, आणि वर धुरी दिलेली एक वाम.

परतताना होड्या ओळीने चालल्या होत्या. याम्बुन वल्हं मांडीवर टाकून पुन्हा पुन्हा वळून मागे बसलेल्या सुनेकडे पाहत होती. तिचा ऊर भरून आला होता.

"म्हातारे," लुसिला सगळ्यांदेखत गावच्या बोलीत कडाडली, "वल्हं मारायला तुझा बाप येणारे का?"

याम्बुनने घाईघाईने वल्हं उचललं, आणि इतक्या खुशीने तिने ते उभ्या जन्मात मारलं नव्हतं.