घरगाठ

“या टोपल्या विणणाऱ्या समाजाशी तुमचं काही नातं?” निवड समितीच्या अध्यक्षांनी चष्मा पुसत विचारलं.

“छे हो,” ती पटकन म्हणाली. “मी फक्त अभ्यासक.”

खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीवर, तिची आई टोपली विणत बसली होती. प्रात्यक्षिक दाखवायला आणलेली कारागीर बाई म्हणून. तिचे हात जरासे थबकले आणि पुन्हा चालू लागले.

कालच तिने आईला पढवलं होतं, मला मॅडम म्हणायचं. दुर्लक्षित समाजांच्या वारशावर काम करणाऱ्यांना ही निवासवृत्ती मिळते; सहा महिने राहून निवांत लिहायचं. घरचीच मुलगी निघाली तर म्हणतील, हिचं कसलं आलंय संशोधन! हे झालं सांगायचं कारण. खरं कारण दोघींनाही ठाऊक होतं. शाळेत ती डबा आईने विणलेल्या टोपलीतून न्यायची आणि टोपली फाटकाबाहेरच झुडपात लपवायची. आई काल हसून म्हणाली होती, बरं बाई, मॅडम तर मॅडम. ते हसू आठवून आता तिचे कान तापले.

तरी ती बोलली मात्र घडाघडा. टोपली विणून झाली की बुडाला शेवटची गाठ मारतात. विकायची असेल तर साधी. घरातल्या माणसाची असेल तर घरगाठ, प्रत्येक घराची वेगळी. तिच्या सगळ्या संशोधनाचा गाभा तोच होता.

एवढ्यात टोपली पुरी झाली. अध्यक्ष म्हणाले, ही मॅडमनाच द्या, आठवण म्हणून.

आईने टोपली पालथी केली. बांबूच्या पट्टीचं टोक चिमटीत धरलं आणि लेकीकडे एकदा पाहिलं. लेकीच्या मनात आलं, आता आईची बोटं सवयीने घरगाठ मारणार आणि आपलं बिंग फुटणार. आणि फुटावंच, असंही तिला आतून वाटलं.

आईने साधी गाठ मारली.

“घरगाठ नाही मारलीत?” अध्यक्षांनी विचारलं.

“ती घरच्यांना, साहेब. या तर मॅडम आहेत.” आईने दोन्ही हातांनी टोपली पुढे केली, परक्याला देतात तशी.

“वा! अगदी तुम्ही लिहिलंय तसंच,” अध्यक्ष खूश होऊन तिला म्हणाले आणि त्यांनी तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली.