हिऱ्याची पत्रिका

मनजीकाकांनी पुडी उघडली आणि पंखा बंद करायला सांगितलं.

वैशाखातली दुपार होती. मुलीकडची आणि मुलाकडची माणसं ठेवणीतल्या कपड्यांत दाटीवाटीनं बसली होती, पण कोणी कुरकूर केली नाही. पुडीत सुटा हिरा होता, आणि सुटा हिरा समोर असताना सुरतेत पंखा चालू ठेवत नाहीत. अंगठी मागाहून घडवायची होती. हिरेवाल्यांच्या घरात कोंदणात बसवलेला हिरा घेऊन जाणं म्हणजे काहीतरी लपवणं.

मुलाचे वडील शामजीभाई यांनी सोबतचा रिपोर्ट टेबलावर पसरला. विरलीची आणि उर्वेशची पत्रिका कोणी पाहिली नव्हती. हिऱ्याची मात्र तयार होती. वजन एक कॅरटच्या जरा वर, रंग जी, शुद्धता व्हीएस-टू, घडण उत्तम. खाली हिऱ्याची आकृती, आणि आतला दोष नेमका कुठे आहे ते दाखवणारी बारीक लाल खूण.

विरली ज्या प्रयोगशाळेत हिरे तपासायची, तिथलाच हा रिपोर्ट होता. त्यात नवल नव्हतं. निम्म्या बाजाराचे हिरे तिथे जायचे. हिरा कोणाचा हे तपासणाऱ्याला कळत नसे, आणि तपासला कोणी हे मालकाला कळत नसे. आज ती ओढणी सावरून कोचावर बसली होती आणि बोलायची नव्हती. तिच्या आजीनं, मोंघीबांनी, सकाळीच बजावलं होतं.

"मागचं स्थळ तुझ्या तोंडापायी गेलं. त्यांचा हिरा उन्हात दुधाळ दिसतो, हे त्यांना सांगायची काय गरज होती?"

मागच्या स्थळाचं तिला काही वाटलं नव्हतं. उर्वेशचं वाटलं असतं. पहिल्या भेटीत त्यानं हिऱ्यांबद्दल एक अक्षरही काढलं नव्हतं.

टेबलावरचा कागद तिला उलटा दिसत होता. तिनं लाल खुणेकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली घेतली.

मनजीकाका खिडकीशी गेले, हिरा चिमट्यात धरला आणि भिंग डोळ्याला लावलं. विरलीच्या घरात शेवटचा शब्द या काकांचा असे.

"व्हीएस-टू?" ते म्हणाले. "शामजीभाई, हा दोष मला भिंगाशिवाय दिसेल. सरळ सरळ एसआय आहे. एक पायरी खाली."

"भिंगातूनच बघा," शामजीभाई म्हणाले. "तो दोष शोधता शोधता माझा चहा गार झाला होता. हा व्हीएस-वन आहे. एक पायरी वर. रिपोर्टवाल्यानं मला बुडवलं, तरी मी गप्प बसलो."

"म्हणजे डागी खडा द्यायचा आणि वर उपकार दाखवायचे."

"डागी? तुमच्या कारखान्यात कसला माल निघतो ते आम्ही कधी बोललो का?"

"मग आता बोला. ऐकायला सगळे बसलेत."

मग खिशाखिशांतून भिंगं निघाली. हिरा हातोहात खिडकीशी फिरला. मुलीकडच्या प्रत्येकाला एसआय दिसला. मुलाकडच्या प्रत्येकाला व्हीएस-वन. एक दूरचे जावई दोन्हीकडचे नातेवाईक होते. ते भिंग लावून उभे राहिले आणि आपल्याला मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणाले.

शामजीभाईंनी हिरा परत घेतला आणि पुडीच्या घड्या घालायला लागले. उर्वेशची आई उठून चपलांकडे निघाली. उर्वेशनं विरलीकडे पाहिलं. विरली ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती.

"थांबा," मोंघीबा म्हणाल्या. "मी अडाणी बाई. मला एवढंच सांगा. मनजी, तुझ्या मते कागदावर लिहिलंय ते चूक?"

"साफ चूक, बा."

"आणि शामजीभाई, तुमच्या मते?"

"चूकच."

"म्हणजे दोघांचं एकच म्हणणं आहे. लिहिणारा चुकला. मग एकमेकांशी कशाला भांडता? गूळ वितळायला लागलाय तिकडे."

दोघांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. या बाजूनं कोणी पाहिलं नव्हतं.

"चूक म्हणजे काय," मनजीकाका म्हणाले, "आंधळाच असणार."

"जेवून डुलक्या काढत लिहिलंय," शामजीभाई म्हणाले. पुडी पुन्हा टेबलावर आली. "वजनाचा आकडा बरोबर आला हेच नशीब."

"ते काट्यानं सांगितलं. यानं नाही."

दोघंही हसले. पंखा सुरू झाला. उर्वेशची आई येऊन परत जागेवर बसली.

गूळ-धण्याची ताटली विरलीनं स्वतः उचलली. एकदा ते तोंडात गेले की लग्न ठरलं. त्यानंतर कोणतंही घर शब्द मागे घेत नाही. तिनं पहिल्यांदा शामजीभाईंना दिले, मग उर्वेशच्या आईला, मग एकेकाला. उर्वेशनं दोनदा घेतले. मनजीकाका अजून त्या आंधळ्याच्या शिक्षणाबद्दल बोलत होते. त्यांनी गूळ-धणे चावून, गिळून, वर पाणी पिईपर्यंत विरली ताटली धरून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"विरली बेटा," शामजीभाई खुशीत म्हणाले, "कागद तुमच्याच प्रयोगशाळेचा आहे. हा आंधळा कोण, ओळखतेस का?"

विरलीनं रिकामी ताटली टेबलावर ठेवली.

"ओळखते, पप्पा," ती म्हणाली. "डोळे चांगले आहेत तिचे. आत्ताच लग्न ठरलंय."